पडल्या जागी घर फिरते तेव्हा: रत्नागिरीतील एका दवाखान्याचा अनुभव

रत्नागिरी शहरातील एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात गेल्या एप्रिलपासून मी तीन वेळा जाऊन आले, दोनदा स्वतःच्या चक्करेसाठी आणि एकदा शेजारणीला सोबत म्हणून. तेथे जे पाहिले आणि अनुभवले त्यातले बरे आणि उणे असे दोन्ही लिहिते आहे, कारण आमच्याकडे चक्कर आली की ती पित्ताची, मानेची नाहीतर वयाची असे ठरवून मोकळे होण्याची रीत आहे आणि त्या रीतीपायी माझे सात आठवडे गेले. दवाखान्याचे नाव देत नाही. नाव घालू नये अशी डॉक्टरांचीच विनंती आहे आणि ती मला रास्त वाटते.

मी चौसष्ट वर्षांची, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली, पावसजवळच्या एका वाडीत राहणारी. फेब्रुवारीच्या अखेरीस एका पहाटे झोपेतच उजव्या कुशीवर वळले आणि डोक्यावरचे वासे, आढे, कौलांमध्ये बसवलेली काच हे सगळे एका बाजूला ओढल्यासारखे गरगरू लागले. खाटेची कड दोन्ही हातांनी धरली, डोळे मिटले, तरी फिरणे थांबेना. मग आपोआप थांबले आणि पोटात ढवळून उलटी झाली. यजमानांनी पित्त म्हणून आमसुलाचे सार करून दिले. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच झाले तेव्हा जवळच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी इंजेक्शन दिले, चक्करेच्या दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या, मानेचा एक्स-रे काढायला लावला आणि मणक्यांची झीज दिसते म्हणून गळ्याला पट्टा बांधला. चौसष्टाव्या वर्षी मानेच्या एक्स-रेत झीज दिसली नाही तरच नवल, हे आज कळते. तीन आठवड्यांनी फरक नाही म्हटल्यावर मुंबईला मुलाकडे जाऊन मेंदूचा एमआरआय करून घ्या, असा सल्ला मिळाला. या सगळ्यात एकदाही मला कोणी आडवे करून पाहिले नाही.

गोळ्यांनी चक्कर कमी झाली नाही, झोप मात्र वाढली. त्यातच आंब्याचा हंगाम सुरू झाला. झेला घेऊन झाडाखाली उभे राहायचे आणि मान वर करायची, एवढ्यानेच तोल जायचा. एकदा तर झेल्याची काठी हातातून सुटली आणि मी बुंध्याला मिठी मारून उभी राहिले. गडी हसले नाहीत, पण त्या दिवसापासून मला बागेत कोणी बोलावलेही नाही.

पुण्यात माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. तिने फोनवर विचारले, “आत्या, वळल्यावर नेमकं किती वेळ फिरतं? कधी मोजलंस का?” मी दिवसभर चक्कर असते असे सर्वांना सांगत होते. मोजल्यावर लक्षात आले की खरे गरगरणे वीस-पंचवीस सेकंदांचे. उरलेला दिवस जायचा तो पाय ठरत नसल्याच्या भावनेत आणि पुन्हा येईल या भीतीत. तिने एवढेच सांगितले की जे डॉक्टर झोपवून डोळे तपासतात त्यांच्याकडे जा, आणि विचारपूस करून या दवाखान्याचा पत्ता मिळवला.

वेळ फोनवर मिळाली, तिसऱ्याच दिवसाची. फोन घेणाऱ्या मुलीने सोबत कोणीतरी असावे हे सांगितले, पण चक्कर दाबणाऱ्या गोळ्यांबद्दल तिने काही विचारले नाही. प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन यांसारख्या गोळ्या अंगात असतील तर डोळ्यांत दिसायच्या खुणा मंदावू शकतात. त्यामुळे त्यांचे काय करायचे हे आधीच विचारून घेणे बरे. माझ्या गोळ्या योगायोगाने दोन दिवसांपूर्वी संपल्या होत्या म्हणून बरे, नाहीतर फेरी फुकट गेली असती. भाट्याच्या पुलापर्यंत रिक्षाच्या प्रत्येक वळणाला मी डोळे मिटून बसले होते. दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आहे आणि त्याला एका बाजूने भिंत असली तरी दुसऱ्या बाजूला तेव्हा कठडा नव्हता. चक्करेच्या रुग्णांसाठी याहून गैरसोयीची जागा शोधून सापडणार नाही. वर पोहोचल्यावर पावणेदोन तास बसावे लागले. बाकडी लाकडी, पंखा चांगला, पाण्याची सोय आहे.

आत गेल्यावर मात्र घाई नव्हती. डॉक्टर तरुण आहेत, चाळिशीच्या आतले. त्यांनी एक्स-रेचे पाकीट बाजूला ठेवले आणि मला एकच झटका सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायला लावला: कोणत्या हालचालीने आला, किती वेळ टिकला, त्या वेळी घर फिरते की आपण पडू असे वाटते, ऐकू कमी येते का, कानात आवाज येतो का. चक्कर किती वेळ टिकते यावरच अर्धे निदान असते, असे ते म्हणाले. कुशीवर वळल्यावर येऊन मिनिटभराच्या आत थांबणारी चक्कर वेगळी. तासन्‌तास टिकणारी आणि सोबत कान भरून येणारी, ऐकू कमी करणारी वेगळी. आणि स्वस्थ पडून राहिले तरी दिवस-दिवस न थांबणारी त्याहून वेगळी. मग त्यांनी बोलणे जड होते का, एकाच्या दोन वस्तू दिसतात का, हातापायातले बळ जाते का, आधाराशिवाय उभे राहताच येत नाही असे होते का, डोके अचानक भयंकर दुखले का, हे विचारले. यातले एकही उत्तर होय असते तर तुम्हाला खाली उतरवून सरळ मोठ्या रुग्णालयात पाठवले असते, काकू, असे ते सहज म्हणाले, पण ते वाक्य यजमानांनी पक्के लक्षात ठेवले आहे.

कानात दुर्बीण घालून पाहिले, आडवी असताना आणि उभी राहिल्यावर रक्तदाब मोजला, बोटाच्या मागे नजर फिरवायला लावली, एका रेषेत पावले टाकून चालवले. मानेचे किंवा पाठीचे ऑपरेशन झाले आहे का, हेही खाटेवर घेण्याआधी विचारले, कारण पुढची तपासणी मान मागे टाकून करायची असते.

त्या तपासणीला डिक्स-हॉलपाइक म्हणतात. मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ साली लंडनमधून ती लिहून प्रसिद्ध केली. मला खाटेवर पाय लांब करून बसवले, मान उजवीकडे पंचेचाळीस अंशांत वळवली आणि डॉक्टरांनी डोके दोन्ही हातांत धरून मला झपकन मागे निजवले, असे की डोके खाटेच्या कडेबाहेर किंचित खाली लोंबेल. डोळे उघडे ठेवा, माझ्या कपाळाकडे बघा, काहीही झाले तरी मिटू नका. पहिले चार-पाच सेकंद काहीच झाले नाही आणि मला वाटले, आज नेमकी येणार नाही. मग ती आली, पहाटे येते तशीच, किंबहुना जास्त. मी किंचाळले असे यजमान सांगतात. डॉक्टर शांतपणे मोठ्याने आकडे मोजत होते. अठराला वेग उतरला, बाविसाला खोली जागेवर आली. उठवून बसवल्यावर उलट दिशेने थोडे फिरले. डावीकडे तेच केले तेव्हा काहीच झाले नाही.

डोळ्यांवर कॅमेऱ्याचा चष्मा लावलेला असल्यामुळे हे सगळे चित्रित झाले होते आणि ते त्यांनी आम्हा दोघांना दाखवले. पडद्यावर माझा एक डोळा हाताच्या पंजाएवढा दिसत होता. आधी तो स्तब्ध आहे, पापणी थरथरते आहे. मग बुबुळ एकदम कपाळाच्या दिशेने झटका मारते आणि त्याच वेळी स्वतःभोवती, खालच्या म्हणजे उजव्या कानाकडे वळते, हळूच मागे येते, पुन्हा झटका. डोळ्याच्या पांढऱ्या भागातली एक तांबडी शीर प्रत्येक झटक्याला किंचित तिरकी होते, त्यावरून हे वळणे नीट कळते. सात आठवडे जे मी लोकांना शब्दांत सांगू शकले नव्हते ते माझ्याच डोळ्यात लिहिलेले होते. काही सेकंद उशिरा सुरू होणे, मिनिटाच्या आत थांबणे आणि अशा दिशेने फिरणे, या तीन खुणांवरून दोष उजव्या कानातील मागच्या अर्धवर्तुळाकार नळीत आहे असे निदान झाले. झटके नुसते खालच्या दिशेने असते, किंवा विलंबाशिवाय सुरू होऊन थांबलेच नसते, तर मेंदूकडे लक्ष द्यावे लागले असते.

आजाराचे इंग्रजी नाव बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टिगो असे लांबलचक आहे, सगळे बीपीपीव्ही म्हणतात. आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक चिकटलेले असतात, एकेक स्फटिक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हा पदार्थ सांगायला नको. तिसऱ्या म्हणून जे शिंपले आपण खातो त्यांची कवचे त्याचीच असतात. वयामुळे, डोक्याला मार लागल्यामुळे किंवा काही कारण न सापडताही हे कण सुटतात आणि शेजारी असलेल्या, डोके फिरल्याचे टिपणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांपैकी एकीतल्या द्रवात शिरतात. मागची नळी उभे असताना आणि निजल्यावरही सर्वांत खाली येते, म्हणून बहुतेक वेळा गाळ तिथेच साचतो. डोके हलले की गाळ घरंगळतो, द्रवाला ओढतो, आणि डोके थांबलेले असताना मेंदूला ते फिरते आहे असा निरोप जातो. गाळ घरंगळायला लागण्यापूर्वी जो वेळ जातो तेच ते सुरुवातीचे निवांत सेकंद. मी वर्गात अर्धवर्तुळाकार नलिकांची आकृती वर्षानुवर्षे फळ्यावर काढली. त्यात गाळ साचतो हे मात्र मला कोणी शिकवले नव्हते.

उपचार त्याच खाटेवर, लगेच. डोके उजवीकडे लोंबते ठेवून चक्कर थांबेपर्यंत थांबायचे, मग डोके नव्वद अंश डावीकडे वळवायचे, पुन्हा थांबायचे, मग सगळे अंग डाव्या कुशीवर घेऊन नाक जमिनीकडे करायचे, थांबायचे, आणि शेवटी हनुवटी छातीशी ठेवून उठून बसायचे. प्रत्येक ठिकाणी अर्धे ते एक मिनिट. सगळे पाच मिनिटांत आटोपले. गाळ नळीच्या ज्या तोंडातून आत आला त्याच तोंडातून गुरुत्वाकर्षणाने परत काढायचा, एवढीच त्यातली युक्ती आहे. अमेरिकेतील पोर्टलंडचे डॉक्टर जॉन एपली यांनी ती शोधली. बरीच वर्षे त्यांच्यावर इतर डॉक्टरांचा विश्वास बसला नाही आणि सविस्तर लेख प्रसिद्ध व्हायला १९९२ साल उजाडले. दुसऱ्यांदा डिक्स-हॉलपाइक केली तेव्हा खोली जागेवरच राहिली. मी खाटेवर बसून रडले, हे लिहिण्यात मला संकोच नाही.

आता तक्रारी. तपासणीचे पाचशे रुपये मला कमी वाटतात, पण कॅमेऱ्याच्या चष्म्याचे पंधराशे पहिल्या वेळी घ्यायला नको होते. मागच्या नळीच्या दोषात डोळ्याचे ते गोल वळणे नुसत्या डोळ्यांनीही दिसते आणि डॉक्टरांनी निदान चित्रफीत पाहण्याआधीच केले होते. आधी विचारले असते तर मी कदाचित हो म्हटले असते. विचारले नाही, याचा राग आहे. दुसरे, घरी जाताना दोन रात्री तीन उशा घेऊन अर्धवट बसून झोपा असे सांगितले. भाचीने ते ऐकून नापसंती दाखवली. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१७ सालच्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत या उपचारानंतर अशी बंधने घालू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे, आणि निदान स्पष्ट असताना सरसकट एमआरआय किंवा चक्कर दाबणाऱ्या गोळ्या देऊ नयेत असेही. पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना हे विचारले. जुनी सवय आहे, असे त्यांनी मान्य केले. तिसरे, हातात दिलेला माहितीचा कागद इंग्रजीत होता. आमच्या तालुक्यात चक्कर येणाऱ्या ज्या बायका आहेत त्यांतल्या किती जणी तो वाचतील?

चौथ्या दिवशी जे झाले त्यावरून या दवाखान्याबद्दलचे माझे मत पक्के झाले. वर पाहिले तरी काही होत नव्हते, पण निजल्यावर आता दोन्ही कुशींवर वळताना चक्कर येऊ लागली, आणि ती पूर्वीपेक्षा जोरदार. यजमानांचे म्हणणे, एवढे करून काय मिळाले? डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी बोलावले. त्यांनी पुन्हा तोच उपचार केला असता तर मला शंका आली नसती, रुग्णाला काय कळते. पण त्यांनी सगळी तपासणी नव्याने केली. या वेळी मला उताणे झोपवून, डोके थोडे उचलून, झटकन एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे वळवले. दोन्ही वेळा डोळे आडवे, जमिनीच्या दिशेने झटके देत होते, आणि उजवीकडे जास्त. म्हणजे बाहेर काढताना कण पिशवीत न पडता शेजारच्या आडव्या नळीत शिरले होते. असे अधूनमधून होते, काकू, माझ्या हातून झाले, असे त्यांनी सरळ सांगितले. या वेळी कॅमेरा मात्र सार्थकी लागला, कारण आडवे झटके नजर एका ठिकाणी रोखली की दबतात आणि चष्मा झाकून अंधार केला की नजर रोखायला काही नसते. या भेटीचे त्यांनी कसलेच पैसे घेतले नाहीत.

आडव्या नळीचा उपचार निराळा असतो. उताणे झोपून नव्वद-नव्वद अंशांनी चांगल्या कानाकडे वळत पूर्ण फेरी घालायची. इंग्रजीत त्याला शेगडीवरच्या मांसाची उपमा देतात, मला तव्यावरच्या बांगड्याची आठवण झाली. खाट इतकी अरुंद की पालथे होताना एका बाजूला यजमान आणि दुसऱ्या बाजूला मदतनीस मुलगी असे दोघे उभे राहिले. हा उपचार ज्या दवाखान्यात नेहमी होतो तिथे रुंद खाट हवी आणि ती भिंतीपासून सुटी हवी. सध्याची एका अंगाने भिंतीला चिकटवलेली आहे. दोनदा फेरी घातल्यावर डोळे शांत झाले.

त्यानंतर रक्तातील ड जीवनसत्त्व तपासायला सांगितले आणि ते कमी निघाले. कोकणातल्या उन्हात जन्म काढून ड जीवनसत्त्व कमी, याचे मला हसू आले. पण आम्ही बायका ऊन चढण्याआधी कामे आटोपतो आणि बाहेर पडताना अंगभर झाकून घेतो हेही खरे. दक्षिण कोरियात झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, ज्यांचे ड जीवनसत्त्व कमी होते त्यांना ते कॅल्शियमसह दिल्यावर ही चक्कर पुन्हा येण्याचे प्रमाण घटले, असे भाचीने सांगितले. पुन्हा येणारच नाही अशी हमी डॉक्टरांनी दिली नाही. उलट, येऊ शकते, तेव्हा कोणत्या कुशीवर येते ते पाहून फोन करा, असे सांगितले. घरी करायचा उपचार यजमानांना शिकवून ठेवा, अशी मी मागणी केली. ती त्यांनी बाजू आणि नळी न तपासता करू नये या कारणाने नाकारली. चौथ्या दिवसाचा अनुभव घेतल्यावर मला ते कारण पटले आहे.

ऑक्टोबरात आमच्या शेजारीण वहिनींना चक्कर येऊ लागली. माझी कथा वाडीभर झालेली असल्यामुळे त्यांनी गृहीत धरले होते की कानातला गाळ असणार आणि पाच मिनिटांत मोकळे होऊन चार वाजताच्या एसटीने परत येऊ. डॉक्टरांनी त्यांनाही तेच प्रश्न विचारले. वहिनींना कुशीवर वळताना काही होत नव्हते, खाटेवरून उठून उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत होती. डिक्स-हॉलपाइक दोन्ही बाजूंनी केली, डोळे स्थिर. आडव्या असताना रक्तदाब वरचा एकशे अडतीस, उभ्या राहिल्यावर दोन मिनिटांत एकशे आठ. रक्तदाबाची गोळी नुकतीच वाढवलेली होती. त्यांनी कॅमेरा लावला नाही, गाळ काढायचा उपचार केला नाही, एकही औषध दिले नाही; गोळी ज्यांनी सुरू केली त्या डॉक्टरांच्या नावाने, हे आकडे लिहून, चिठ्ठी दिली आणि फक्त तपासणीचे पाचशे घेतले. एवढ्यासाठी इतक्या लांब आणलेत होय, असे वहिनी मला जिन्यातच म्हणाल्या. जिन्याला आता लोखंडी कठडा बसवलेला आहे. माहितीचा कागद अजून इंग्रजीतच आहे. मराठी मजकूर मी लिहून देते असे सांगून आले आहे.